कंसातला हशा

गुलमंडीत सीताफळं आली. दौलताबादकडची माणसं डोक्यावर पाट्या घेऊन येतात, फळांवर त्याच झाडाची पानं पांघरलेली असतात, आणि दुपारपर्यंत त्या पानांचा उग्र हिरवा वास कापडाच्या दुकानांतल्या कोऱ्या मांजरपाटाच्या वासात मिसळून जातो. बायको दरवर्षी आणते. कोंड्यात घालून ठेवते, रोज एकदा चाचपते, आणि फळांचे डोळे उघडले की ताटलीत काढते. मी खात नाही. "अहो, साखरेचा आजार नाही, दमा नाही, मग काय धाड भरलीय तुम्हाला?" असं ती लग्नानंतर काही वर्षं विचारायची. आता विचारत नाही. माझ्या वाट्याचं शेजारी देऊन टाकते. माझ्या न बोलण्याशी तिनं कधीच तडजोड करून टाकलेली आहे.

यंदा सीताफळांच्या पाठोपाठ समितीची माणसंही आली. आमच्या मेंबरसाहेबांचा गौरवग्रंथ निघतोय. मेंबरसाहेब म्हणजे औरंगपुऱ्यातले नामांकित वकील. निजामाच्या राज्यात हैदराबादच्या कायदेमंडळात ते वकीलमंडळींच्या वतीनं गेले होते. वारून बरीच वर्षं झाली त्यांना. मी त्यांचा मुन्शी. सभागृहाचं काम उर्दूत चालायचं, त्यांचं उर्दू कचेरीपुरतं, आणि माझं बरं होतं. म्हणून भाषणं मी लिहायचो, ते बोलायचे. आता समितीला माझ्याकडून एक लेख हवाय. विषयही त्यांनीच ठरवून आणला होता: सुरक्षा आणि राज्यकारभार यांवरच्या चर्चांमधलं मेंबरसाहेबांचं योगदान.

"तुम्ही तर प्रत्यक्ष साक्षीदार," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "अन् ते घोड्याचं भाषण यायलाच पाहिजे हं, केशवराव. अजून आठवलं की हसू येतं. काय माणूस होता!"

मी मान हलवली. मान हलवणं ही माझी जुनी खोड आहे.

त्या भाषणाच्या सालची सीताफळं मला आजही जिभेवर आठवतात. पाऊस वेळेवर सरला होता आणि थंडीला अजून अवकाश होता. ऊन कोवळं नव्हतं, पण त्याचे दात पडल्यासारखं झालं होतं. स्टेशनापासून गावात येणाऱ्या रस्त्यावर धूळ, लीद, कडुनिंबाची पिवळी पानं आणि टांग्यांच्या घुंगरांचा आवाज. मेंबरसाहेबांच्या कामानं मला सारखं स्टेशनवर जावं लागायचं: कधी हैदराबादहून आलेली पुडकी सोडवायला, कधी पाहुणे आणायला. आणि परतताना मी ठरवून एकाच टांग्यात बसायचो. बाबूभाईच्या.

शेख बाबू. पन्नाशीला टेकलेला, काटकुळा, दाढीत मेंदी, तोंडात पान. टांग्यांच्या अख्ख्या अड्ड्यावर त्याच्यासारखी जीभ दुसऱ्या कुणाला नव्हती. त्याच्या घोड्याचं नाव सुभेदार. सुभ्यावरच्या सगळ्यांत मोठ्या अंमलदाराचा हुद्दा त्यानं घोड्याला दिलेला. "चल रे सुभेदार, दुम हला, रयत खोळंबलीय," असं मोठ्यानं म्हणत तो चाबूक हवेत फिरवायचा, घोड्याला कधी लावायचा नाही. पोलीस दिसला की मात्र सुभेदाराचा तिथल्या तिथं सुब्बू व्हायचा. पोलीस गेला, की पुन्हा बढती.

टांग्यात पुढं, त्याच्या पायापाशी, त्या मोसमात नेहमी एक टोपली असायची. त्याची सासुरवाडी दौलताबादची. "लेव मुन्शीजी, खाव. बिया बाहर थूकना, अंदर बैठनेवालों पे नक्को," म्हणत तो एक पिकलेलं फळ मागं द्यायचा. मी फोडायचो. हात चिकट व्हायचे. गर जिभेवर विरघळायचा आणि काळ्याभोर बिया मी बाजूला, रस्त्याच्या धुळीत टाकत यायचो. इतकं साधं सुख पुढं मला कधी मिळालं नाही. हे लिहिताना हात थांबतो, कारण त्या सुखातच सगळं घडलं.

भाषणं कशी लिहिली जात, हे आता कुणाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. सुरुवात आला हजरतांच्या, म्हणजे निजामाच्या, दीर्घायुष्याची दुआ मागून. मग राज्यात चाललेल्या न्यायाची तारीफ. मग एक 'मगर', म्हणजे 'पण'. त्या 'मगर'नंतर तक्रार करायला मुभा असे, पण तिचा एक अलिखित कायदा होता: दोष वर जाता कामा नये. राजा निर्दोष, वजीर निर्दोष, खात्याचा मोठा अधिकारी तर फारच सज्जन. चूक कायम खालच्या अमल्याची. शिपायाची, जमादाराची, फार तर ठाण्याच्या अमीनाची. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. सभागृहात सगळ्यांनाच हे सोयीचं होतं. मेंबराला धैर्य दाखवल्यासारखं व्हायचं, सरकारला ऐकल्यासारखं. ज्याच्यावर ताशेरे झोडले जायचे तो शिपाई कुठल्या तरी दूरच्या नाक्यावर उभा असायचा. आणि त्या शिपायाच्याही खाली कुणीतरी असतं, याचा विचार करायचं कुणालाच कारण नव्हतं.

तेव्हा दिवस वाईट होते. गावोगाव कुजबुज होती, धरपकड होती, भजनाला चार माणसं जमवायची तरी परवानगी लागायची. सभागृहात अमन-अमानाचा, म्हणजे सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा यायचा होता. पोलिसांना आणखी अधिकार. मेंबरसाहेबांनी विरोधात बोलायचं ठरवलं. त्यांचं धैर्य खरं होतं, ते मी आजही नाकारणार नाही. मी भाषणाचा मसुदा लिहून दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"केशव, सगळं बरोबर आहे. पण हे वाचून कुणी जागा राहील का? जिवंत काहीतरी घाल. लोक काय बोलतात ते घाल."

लोक काय बोलतात. मी दुसऱ्याच दिवशी स्टेशनवर गेलो होतो. परतताना बाबूभाई गप्प होता, आणि तो गप्प असणं म्हणजे घुंगरं नसलेला टांगा. हर्सूलच्या तुरुंगाकडं कैदी न्यायचे, शिपाई आणायचे, अमीनाच्या घरची मंडळी उरसाला सोडायची, सगळं त्याच्या टांग्यातून. वेठच ती. नाही म्हणायची सोय नाही, कारण दंडावरचा परवान्याचा बिल्ला पोलिसांच्याच हातात. सुभेदाराच्या मानेला जू घासून जखम झाली होती; बाबूभाईनं तिच्यावर हळद थापली होती. आम्ही नाल्याच्या उताराशी आलो. त्यानं मागं वळून पाहिलं, रस्ता मोकळा आहे याची खात्री केली, आणि त्याची ती जुनी जीभ क्षणभर परत आली.

"मुन्शीजी, मैं तो बोलता, मेरे घोड़े कू बी एक वर्दी सिला देओ. ठाने का आधा काम तो वोइच करता."

मी इतका हसलो की तोंडातली बी घशात जायची. तोही हसला. मग लगेच गंभीर झाला.

"ये बात यईंच छोड़ देना हां. मेरी बिवी कू बोला, अब तुमकू बोला. बस."

"छे छे, बाबूभाई. मी कशाला कुणाला सांगू?"

त्याच संध्याकाळी मी ते वाक्य भाषणात घातलं. नाव घातलं नाही. 'औरंगाबादच्या स्टेशनवरचा एक टांगेवाला' एवढंच लिहिलं, आणि मनाशी म्हणालो, शब्द पाळला. हे मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो. स्वतःला फसवताना माणूस कधीच अप्रामाणिक नसतो.

मेंबरसाहेबांनी वाचलं आणि टेबलावर हात आपटला. "वा! हे कुणाचं रे? कुणी म्हणालं खरंच?"

इथं एक क्षण होता. उंबऱ्यावर पाय अडखळावा तेवढाच. 'एका माणसाचं आहे, पण त्याला धोका होईल, काढून टाकू या' असं मी म्हणू शकलो असतो. त्यांनी काढलं असतं. ते तसेच होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. "सुचलं. माझंच आहे."

हैदराबादला मी त्यांच्याबरोबर गेलो. प्रेक्षकांसाठी वर सज्जा होता, तिथं बसलो. खाली शेरवान्या, दस्तारी पगड्या, पंख्यांची घरघर, पानाच्या डब्यांची उघडझाप. मसुद्यावरची भाषणं कंटाळवाणी चालली होती. मेंबरसाहेब उठले. दुआ झाली, तारीफ झाली, 'मगर' झाला. आणि मग त्यांनी ते वाक्य टाकलं. आधी समोरच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, आणि पुढं सगळं सभागृह हसायला लागलं. सरकारी बाजूसुद्धा. एका अधिकाऱ्यानं उठून विचारलं, मोअज्जिज, म्हणजे माननीय, मेंबर त्या टांगेवाल्याचं नाव सांगतील का? मेंबरसाहेब झुकून म्हणाले, "नाव सांगितलं, हुजूर, तर उद्या मला स्टेशनवर टांगा मिळणार नाही." पुन्हा हशा. सभागृहाच्या छापील वृत्तांतात त्या दोन्ही ठिकाणी कंसात तसं लिहिलेलंही आहे: हशा. मी सज्ज्यात बसून तो हशा अंगावर अत्तरासारखा लावून घेत होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "भाषण फार उम्दा लिहिलंय, कुणी लिहिलं?" मी लाजून खाली पाहिलं. किती बेतून लाजलो होतो!

मसुदा मंजूर झाला, हे सांगायचं राहिलंच. हसून झाल्यावर सगळ्यांनी हात वर केले.

भाषण वर्तमानपत्रात आलं. आमच्याआधी ते वाक्य गुलमंडीत पोचलं. पानाच्या गादीवर, न्हाव्याच्या पाटावर, हमामाबाहेर, जिथं बघावं तिथं तेच. शिपाई चौकातून गेला की मागून कुणीतरी ओरडायचं, "जमादारसाब, वर्दी शिवली का हो? माप शेपटीसकट घ्या!" आणि सगळा बाजार खदखदायचा. लोकांना हसायला किती कमी मिळत होतं तेव्हा. मीही हसलो त्यात. शिपायाचा कानामागं लाल झालेला चेहरा मी पाहिला होता, आणि मला वाटलं होतं, राज्य हादरतंय.

राज्याला काही झालं नव्हतं. सभागृहातला दगड अमीनावर पडला होता, अमीनानं तो शिपायांवर टाकला, आणि शिपाई आता खाली कोण आहे ते शोधत होते. शोधायला लांब जावं लागलं नाही. अड्ड्यावर तशी जीभ एकच होती, आणि ठाण्याचं अर्धं काम करणारा घोडाही एकच.

बाबूभाईचा बिल्ला उतरवून घेतला आणि त्याला नेलं. टांगाही नेला. सुभेदारालाही.

दोन-चार दिवसांनी त्याची बायको रहीमाबी औरंगपुऱ्यात आली. मेंबरसाहेब परगावी होते. मी ओसरीवर कागद चाळत बसलो होतो. ती पायरीखालीच उभी राहिली. बुरखा मागं टाकलेला, हातात तीच टोपली, टोपलीत सीताफळं. रिकाम्या हातानं वकिलाकडं कसं यायचं म्हणून आणलेली.

"मुन्शीजी, उनो ठाने में बोलते, मैं तो दस जना कू बोला ये बात. झूट बोलते, तुमारा नाम नै लेते. किसी कू नै बोले. मेरे कू बोले, तुमकू बोले."

मी हातातले कागद जुळवत राहिलो.

"मैं झगड़ने नै आई भय्या. तुमी फक्त एवढं करा," ती माझ्यासाठी मराठीवर आली, "ठान्यात जाऊन सांगा, ती बात मी लिवली म्हनून. तुमी मेंबरसाबचे मानूस. तुमाला कोन हात लावनार? त्यांना लई मारतेत."

"मेंबरसाहेब येऊ देत," मी म्हणालो. "आले की सांगतो त्यांना."

"सांगतान नं?"

"सांगतो."

टोपली ओसरीवर ठेवून ती गेली.

मेंबरसाहेब आले. त्यांच्या कानावर बाहेरूनच गेलं होतं. त्यांनी कोट काढता काढता विचारलं, "केशव, स्टेशनवरच्या कुणा टांगेवाल्याला धरलंय म्हणतात. आपल्या वाक्यापायी नाही ना? तसं असेल तर मी आत्ता जातो. सभागृहात बोललेल्याबद्दल मला कुणी काही विचारू शकत नाही. वाक्य आमच्या घरचं आहे म्हणून सांगतो अन् त्याला सोडवून आणतो. गरज पडली तर तू ये बरोबर, तू लिहिलंस एवढं सांग."

एवढंच करायचं होतं. जे वाक्य त्या घरात मी बिनदिक्कत माझं म्हटलं होतं, तेच ठाण्याच्या पायरीवर माझं म्हणायचं होतं. पण त्यांना अभय होतं, मला नव्हतं. आणि त्यांच्याच टेबलावर माझ्या नावाचं शिफारसपत्र सहीला पडलं होतं: सभागृहाच्या तर्जुमा, म्हणजे भाषांतर, खात्यात जागा होती, माझ्या कलमाची तारीफ करून त्यांनी ते स्वतः लिहिलं होतं. ठाण्यात नाव लागलेल्या माणसाला ती जागा मिळाली नसती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "अड्ड्यावर काहीतरी मारामारी झाली म्हणतात. तो माणूस तसा भांडखोरच आहे."

त्यांनी कोट खुंटीला अडकवला. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

टाळी होती तिथं ते वाक्य माझं होतं. काठी आली तेव्हा मी ते त्याला परत केलं. माझ्या सगळ्या आयुष्याचा हिशेब या दोन ओळींत संपतो. बाकीचं मी उगाच लांबवतोय.

त्या रात्री मेंबरसाहेबांच्या घरी रहीमाबीच्या टोपलीतली फळं ताटल्यांमधून फिरली. मीही खाल्लं एक. सगळ्यांदेखत नाही कसं म्हणायचं? तेच शेवटचं.

भाषणाचा काही उपयोगच झाला नाही असं नाही. सरकारनं लक्ष घातलं. हुकूम निघाला की यापुढं टांगा, गाडी तोंडी फर्मावून घ्यायची नाही. रीतसर चिठ्ठी द्यायची. समितीच्या कागदांत याचा उल्लेख 'मेंबरसाहेबांच्या प्रयत्नांना आलेलं यश' असा आहे. पहिल्या काही चिठ्ठ्यांतली एक सुभेदाराच्या नावानं फाटली. मालक आत असल्यानं घोडा ठाण्याच्या आवारातच बांधलेला होता. सबंध हिवाळा तो ठाण्यासाठी धावला. अर्धं काम नव्हे, पूर्ण. मी एकदा त्याला पाहिलं, पाणचक्कीच्या रस्त्यावर. बरगड्या मोजता याव्यात असा झालेला, मानेवरची जखम उघडी, तिच्यावर माश्या. हाकणारा शिपाई नवखा होता, चाबूक हवेत फिरवायचा असतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. घोडा मला ओळखेल अशी भीती वाटली होती, दुसरं काय?

थंडी सरता सरता तो मेला. बाबूभाई त्यानंतर सुटला. मला नोकरी लागली होती.

पुढच्या मोसमात मी सुट्टीवर गावी आलो. गुलमंडीत एका दुकानाच्या पायरीशी पाटी मांडून तो बसला होता. दाढीत मेंदी नव्हती, उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. मी वळायच्या आत त्यानं पाहिलं.

"अरे मुन्शीजी! आव आव. बैठो."

मी उकिडवा बसलो. माफीचे शब्द मी गाडीत अनेकदा जुळवले होते, उर्दूत जुळवले होते, फार सुंदर जुळले होते. त्यानं मला तोंड उघडू दिलं नाही. पुढं झुकला. डोळ्यांत तेच जुनं, रस्ता मोकळा आहे का ते पाहणं.

"एक बात पूछनी थी. सच्ची बोलना. वो बात सुनके... साब लोगां हसे क्या?"

"हसले," मी म्हणालो.

"सब?"

"सगळे. सरकारी बाजूचे पण. दोनदा हसले."

"मेंबरसाब कैसा बोले? करके बताव ना जरा."

भर बाजारात, पाटीसमोर बसून, मी मेंबरसाहेबांसारखी मान झुकवली आणि त्याचं वाक्य त्याला म्हणून दाखवलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच त्यानं हात वर केला. "नै नै. 'वोइच' पे जोर देना होना. वां मजा है." मी पुन्हा म्हटलं, 'वोइच'वर जोर देऊन. मग तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. न वळणाऱ्या बोटांनी त्यानं ते पुसलं.

"देखो," तो म्हणाला, "इत्ते बड़े दरबार में मेरी बात बजी."

तिथं ती माझ्या नावावर बजली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. पाटीतलं एक फळ निवडून त्यानं माझ्या हातावर ठेवलं. फळाचे डोळे चांगले उघडले होते. गल्लीच्या वळणावर गेल्यावर मी ते एका कट्ट्यावर ठेवून दिलं.

राज्य गेलं, सभागृह गेलं, निजामाचे पिवळे झेंडे उतरले. बाबूभाईही कधीतरी गेला. मला उशिरा कळलं. मेंबरसाहेबांनी शेवटच्या आजारपणात सुद्धा भेटायला आलेल्यांना माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं होतं, "ते घोड्याचं याचं बरं का. मी नुसता बोलणारा." मी त्यांच्या पायाशी बसून पांघरूण सारखं करत होतो.

समितीच्या मंडळींनो, तुम्ही मागितलेला लेख हाच. मेंबरसाहेबांचं योगदान मोठं होतं. ते लिहायला दुसरं कुणी मिळेल. छापण्यासारखं नाही असं वाटलं तर हा परत पाठवू नका, फाडून टाका. पण ते भाषण ग्रंथात घेणार असाल, तर त्या एका वाक्याखाली लिहा: हे शेख बाबू यांचं, टांगेवाले, औरंगाबाद स्टेशन. मेंबरसाहेबांचं नव्हे, आणि मुन्शीचं तर मुळीच नव्हे.

आणि कंसातला हशा तेवढा काढू नका. बाबूभाईनं तो मागून घेतलेला आहे.